जोडविषयाचा पावसाळा

जुलै लागला की आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापुढं कॉलेजच्या पोरापोरींची गर्दी होते. वरून पाऊस, खाली चिखल, आणि मधे दप्तरं पोटाशी धरून उभी असलेली ती मुलं. गेल्या आठवड्यात मी दूध घेऊन परतत होतो, तर त्यातल्या एका मुलीनं मला थांबवलं. "आजोबा, जरा छत्री धरता काय? फॉर्म भिजालाय." मी छत्री धरली. तिनं दुकानाच्या फळीवर कागद पसरला आणि भराभर लिहीत गेली. नाव, गाव, टक्के, वडिलांचा धंदा. एका ओळीपाशी मात्र तिचा हात थांबला. व्यवसाय प्रशासनाच्या पदवीबरोबर एक 'मायनर' विषय घ्यायचा होता, आणि ती ओळ कोरी होती. मी विचारलं, काय घेणार? म्हणाली, पप्पा एक सांगतात, क्लासचे सर दुसरंच सांगतात. तुला काय आवडतं, असं विचारल्यावर तिला माझी थोडी कीव आली असावी. "आवडायचं काय घिऊन बसलाय आजोबा. उपेग काय हुतोय ते बघाय पायजे की."

 तिचा कागद भरून होईपर्यंत छत्री धरून उभा राहिलो आणि घरी आलो. दूध तापवलं, चहा झाला, पेपर वाचून झाला, तरी ती कोरी ओळ काही डोळ्यांपुढून जाईना. पासष्टच्या वर पावसाळे होऊन गेले असतील, पण तसल्याच एका ओळीपाशी माझाही हात थांबला होता.

आमच्या वेळी त्याला जोडविषय म्हणत. कोल्हापुरात कॉमर्सचं कॉलेज नुकतंच निघालं होतं. जमाखर्च, अर्थशास्त्र, बँकेचा व्यवहार, इंग्रजी पत्रलेखन हे सगळ्यांना सक्तीचं होतं. त्याच्या जोडीला एक बाहेरचा विषय ज्याचा त्यानं निवडायचा. शिपायानं एका दुपारी पाच नावांची यादी फळ्यावर डकवली: कायदा, संख्याशास्त्र, कन्नड, अर्धमागधी, भूगोल. आम्ही पोरं तिच्यापुढं दाटीवाटीनं उभे राहिलो. बाकीच्यांना ती पाच नावं होती. मला वाटलं, कुणीतरी भिंतीला एक लहानसा झरोका पाडला आहे.

तसं वाटायला कारण होतं. माझं सगळं आधीच ठरलेलं होतं. मी जयसिंगपूरचा. वडिलांचं तिथं शेंगा आणि मिरचीचं अडत दुकान. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी अण्णांनी पेढे वाटले, मंदिरात जाऊन आले आणि संध्याकाळच्या जेवणाला बसताना सांगितलं की भूपालला कोल्हापूरला मामाकडं ठेवायचं, कॉमर्स करायचं, मग दुकानावर बसायचं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, आईला सांगितलं. मी शेजारच्याच पाटावर होतो. लग्नाचंही तसंच. इचलकरंजीकडच्या एका घरची मुलगी त्यांनी मनात धरून ठेवली होती. मी तिला पंचकल्याण पूजेच्या मांडवात एकदा लांबून बघितलं होतं, तेही कुणीतरी कोपरानं ढोसून दाखवलं म्हणून. अण्णा कठोर नव्हते. मला कधी हात लावला नाही त्यांनी. पण घरातली तागडी कुठं टांगायची हे जसं कुणी तागडीला विचारत नाही, तसं माझं होतं, आणि गंमत अशी की मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ते वाटायला लागलं कोल्हापुरात आल्यावर.

मामाचं घर शाहूपुरीत, गुळाच्या वखारीवर. खाली गूळ, वर आम्ही. माझ्या वाट्याला आलेली खोली म्हणजे जिन्याच्या तोंडाशी फळ्या ठोकून केलेला आडोसा होता. त्याला एक खिडकी होती, पण पावसाचं पाणी आत येऊन खालच्या मालावर गळू नये म्हणून मामानं ती गोणपाटानं बंद करून टाकली होती. पावसाळ्यात गूळ पाझरतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ढेपांना घाम फुटतो, काकवीसारखा ओघळ जमिनीवर येतो, आणि मग मुंग्या, गांधीलमाश्या, आणि एक गोडसर आंबूस वास. तो वास जिन्यानं वर येई आणि माझ्या सदऱ्यात, वहीत, उशीत मुरून राही. पाय जमिनीला चिकटत. रोज सकाळी मी उठून चार पावलं टाकली की प्रत्येक पावलाला चट् चट् असा आवाज येई. पहिले पंधरा दिवस मला रोज वाटे, आपण इथून सुटून बाहेर पडलो म्हणजे बरं. आणि मग लक्षात येई की सुटून जायचं तर कुठं, दुकानावरच.

यादी लागल्यावर प्रत्येक विषयाच्या सरांनी एकेक तास घेतला, मुलांना निवडायला सोपं जावं म्हणून. भूगोलाला निमकर नावाचे सर होते. तरुण होते. छत्रीची एक काडी कायम बाहेर आलेली आणि चष्म्यावर वाफ. वर्गात आले ते फळ्याकडं गेले, आणि डावीकडून उजवीकडं एक वाकडी रेघ ओढली. डावीकडं उंच गेलेली, मग एकदम उतरत उतरत सपाट झालेली. मग विचारलं, गगनबावड्याचं कोणी आहे का? कोणी नव्हतं. गारगोटीचं? माझ्या शेजारी बसणारा रंगराव गारगोटीचा, त्यानं हात वर केला. जयसिंगपूरचं? मी उभा राहिलो. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं आत्ता पाऊस कसा आहे? मी सांगितलं, बेताचा. भुरभुर. मिरचीची रोपं लावायला लोक वाट बघत आहेत. ते म्हणाले, इथून पश्चिमेला दोन-तीन तास बसनं गेलात तर माणसाला माणूस दिसत नाही असा पाऊस चालू आहे. आकाश तेच, वारा तोच, ढगही तेच. मग असं का?

आणि मग त्यांनी त्या रेघेवरून ढग चालवला. समुद्रावरून आलेला, डोंगर चढताना थंडावलेला, माथ्यावर सगळं ओतून टाकलेला, आणि उरलंसुरलं घेऊन आमच्याकडं पोचणारा. "तुमच्या गावच्या बाजारात मिरची येते आणि गगनबावड्याच्या बाजारात येत नाही, ते या रेघेमुळं," ते मला म्हणाले. मी मिरचीच्या झोंबऱ्या खाटातच जन्मलो म्हटलं तरी चालेल. पोती उघडली की घरभर सगळे शिंकत. पण ती मिरची बैलगाडीतून येते यापलीकडं तिचं काही असतं, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तास संपला तरी मी उभाच होतो. रंगरावनं सदरा धरून खाली ओढलं.

रंगरावचं मत या सगळ्याबद्दल स्वच्छ होतं. "जे घेतल्यावर माणूस पास हुतंय ते घ्यावं. आमचा बा म्हणतोय, कशात बी हो, पर एकदा हो." त्यानं दुसऱ्याच दिवशी कन्नड लिहून, बाजाराला आलेल्या बाची सही घेऊन फॉर्म देऊन टाकला. मी तो कोराच दप्तरात ठेवला. फॉर्मवर पालकाची सही लागत होती आणि त्यासाठी मी अण्णांना पत्र लिहिलं होतं. पत्रात पाचही विषयांची नावं लिहिली. भूगोल सगळ्यांत आधी लिहिला. त्याहून जास्त धीर झाला नाही.

उलट टपाली कार्ड आलं. अण्णांचं अक्षर, एकच ओळ. 'जोडीला कायदा घेणे, बाकी सर्व क्षेम.' मामानं ते वाचलं, मान डोलावली आणि देवळीत खोचून ठेवलं. मामाला काही समजावून सांगायची गरज वाटली नाही, आणि मलाही विचारायची नव्हती. अण्णांना कायदा का हवा होता हे आमच्या घरात भिंतींनाही माहीत होतं. भिंतींना म्हणजे खरोखरच्या एका भिंतीला.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. दुकानामागं आमची मोठी वखार होती आणि धंद्यात अण्णांचा एक भागीदार होता. त्यानं एकदा एक इंग्रजी कागद आणला आणि सांगितलं की वखारीवर पत्रा घालायच्या परवानगीचा अर्ज आहे. अण्णा मराठी वाचत, मोडी झरझर वाचत, कन्नड बोलत. इंग्रजीचं मात्र अक्षर येत नव्हतं. त्यांनी विश्वासानं सही केली. तो वखारीच्या वाटणीचा कागद होता. पुढं कोर्टात समोरच्या वकिलानं तो कागद वर धरून अण्णांना एवढंच विचारलं की ही सही तुमचीच का. अण्णा म्हणाले, माझीच. संपलं सगळं. महिन्याभरात वखारीच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. तिकडचा माल उतरवल्याचे आवाज इकडं ऐकू येत. भिंतीचं काम चाललं होतं तेव्हा अण्णा रोज सकाळी आंघोळ करून टोपी घालून तिच्यापुढं उभे राहत, गवंडी काय करतो ते बघत.  तेव्हापासून त्यांनी न वाचून घेतलेल्या कशावरही सही केली नाही. पोस्टमननं पावती पुढं केली तरी, काय लिव्हलंय वाच आधी, असं म्हणत, आणि दोनदा वाचून घेत. गावात लोक त्यावरून हसत, ते त्यांना माहीत होतं.

अशा माणसाला मी काय लिहिणार होतो? की मला ढग कसे चालतात ते शिकायचं आहे?

फॉर्म द्यायची शेवटची तारीख शुक्रवारची होती. त्याच्या आधीच्या शनिवारी निमकर सर वर्गात आले आणि म्हणाले की उद्या मी गगनबावड्याला चाललो आहे, तिथल्या कचेरीतलं पर्जन्यमापक बघायला. कोणाला यायचं असेल तर या, संध्याकाळी परत येऊ. आम्ही तीन पोरं त्यांच्याबरोबर गेलो, रंगराव आला नाही. मी मामीला एवढंच सांगून निघालो की कॉलेजचं काम आहे. खोटं नव्हतं, पण सांगताना मी खाली बघत होतो.

बस शहराबाहेर पडली आणि पुढं पुढं हिरवा रंग गडद होत गेला. आधी ऊस, मग भाताची खाचरं, मग नुसता पाऊस. खिडकीला काच नव्हती, ताडपत्री होती, तीही फडफडून आत मारत होती. माथ्यावर पोचलो तेव्हा दिवसाढवळ्या दुकानांतून कंदील लागलेले होते. धुकं रस्त्यावरून माणसासारखं चालत येत होतं. स्टँडवर घोंगडं पांघरून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला विचारलं, काय काम काढलंत? सर म्हणाले, पाऊस बघायला आलो. तो आमच्याकडं बघत राहिला. "पावणं, हितली माणसं पावसातनं पळून खाली जात्यात. तुम्ही बघाया आला व्हय."

कचेरीच्या अंगणात ते पर्जन्यमापक होतं. जमिनीत रोवलेलं पत्र्याचं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. मी काहीतरी मोठं यंत्र असेल म्हणून गेलो होतो. रोज सकाळी आठ वाजता बाटलीतलं पाणी रेघा मारलेल्या काचेच्या नळीत ओतायचं आणि आकडा लिहायचा, एवढंच काम. ते करणारा कारकून तापानं फणफणला होता, त्याच्या जागी शिपाई छत्री धरून उभा होता. सरांनी आम्हाला सगळं दाखवलं. दुपारी परतायला स्टँडवर आलो तर कळलं, कोल्हापूरच्या अलीकडं नदी रस्त्यावर आली आहे आणि गाड्या बंद.

आम्ही तिथं गुरुवारपर्यंत अडकलो. सरांच्या ओळखीच्या एका शाळामास्तरांनी घरात घेतलं. चुलीच्या वर दोरी बांधली होती, तिच्यावर सगळ्यांचे कपडे वाळत, म्हणजे धुरकट होत. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. माझी एक अडचण होती. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही, आणि तिथं सूर्य उगवल्याचाच पत्ता नसे. पहिल्या दिवशी मी ताटापुढं घुटमळतो आहे हे मास्तरांच्या बायकोच्या लक्षात आलं. कारण सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "दीस बुडला का न्हाय ह्ये हितं कोंबड्यास्नी बी कळत न्हाय बाबा. तू खा." त्यानंतर त्या मला सगळ्यांच्या आधी, भर दुपारी चार वाजता वाढायला लागल्या, उगाच शंका नको म्हणून.

आणि रोज सकाळी आठला मी कचेरीत जात होतो. शिपायाला आकडे नीट वाचता येत नव्हते, म्हणून सरांनी मामलेदारांना विचारून ते काम मला दिलं. नळी लहान, पाणी फार. एकदा भरायची, रेघ बघायची, ओतून द्यायची, पुन्हा भरायची. मोजता मोजता हात गारठून जात. मी आकडा सांगायचा आणि सर तो लिहून घ्यायचे. बुधवारी सकाळी ते म्हणाले, भूपाल, तुम्ही आज सांगितलेला आकडा मुंबईला, पुण्याला जाईल, आणि पुढं कधीतरी कुणीतरी तो वाचेल. मी नळी पुसत होतो. मला एकदम वाटलं की मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलं आहे. रस्ता बंद, गाड्या बंद, चारी बाजूंना पाणी, आणि मला मामाच्या घरात जसं कोंडल्यासारखं होई त्यातलं काहीच होत नव्हतं. उलट पाणी उतरू नये असंच वाटत होतं. घरचे काळजीत असतील हेही मनात येई, नाही असं नाही. पण ते मनात येऊन निघून जाई.

पाणी उतरायला लागलं. गुरुवारी बसनं नदीच्या काठापर्यंत आलो, नावेनं पलीकडं झालो आणि दुपारी घरी पोचलो. मामी दारातच होती. ओरडेल असं वाटलं होतं, पण ती हळू आवाजात म्हणाली, "अण्णा आलेत तुझे. मंगळवारधरनं बसलेत वर."

अण्णा माझ्या आडोशात माझ्या ट्रंकेवर बसले होते. टोपी डोक्यावर, कोटाची बटणं लावलेली, जणू आत्ता उठून जायचं आहे. दुकान सोडून ते तीन दिवस कुठं राहिल्याचं मला आठवत नव्हतं. मी वाकून नमस्कार केला. जेवलास काय, म्हणून विचारलं. जेवलो म्हणालो. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. कॉलेजचा फॉर्म होता.

काय घडलं होतं ते मला नंतर मामानं सांगितलं. मी रविवारी परतलो नाही म्हणून मामानं तार केली आणि अण्णा मंगळवारच्या गाडीनं आले. मी सुखरूप आहे, रस्ता बंद आहे, एवढं एस.टी.च्या लोकांकडून कळलं होतं. बुधवारी ते मामाला घेऊन कॉलेजात गेले, मुदत टळू नये म्हणून. कारकुनाकडून कोरा फॉर्म घेतला आणि तो वरपासून खालपर्यंत वाचून दाखवायला लावला. कारकून वैतागला, तरी दुसऱ्यांदा वाचायला लावला. तेवढ्यात रंगराव तिथं आला. भूपालचे वडील म्हटल्यावर त्यानं, त्याच्या स्वभावाप्रमाणं, सगळंच सांगून टाकलं. निमकर सरांचा तास, मी उभाच राहिलो होतो ते, गगनबावडा, सगळं. तुमचं पोरगं पावसामागं लागलंय, म्हणाला. अण्णांनी ऐकून घेतलं. मग टाकाला शाई लावली आणि खाली पालकाच्या जागी सही केली. मामा म्हणाला, वर कायदा लिहून टाकतो. अण्णांनी कागद ओढून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

तो कागद आता त्यांनी माझ्या हातात दिला. जोडविषयाची ओळ कोरी होती. खाली त्यांची सही होती, मोडी वळणाची, शेवटी एक लांब फराटा.

"सही केलीया," ते म्हणाले. "वर काय लिव्हायचं ते तू लिव्ह."

आणि ते खाली वखारीत निघून गेले, मामाचा गूळ बघायला.

मी बराच वेळ तो कागद मांडीवर घेऊन बसलो. खालून वास येत होता. गोणपाटातून उजेडाचे ठिपके पडत होते. लहानपणापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं आणि आता विचारलं होतं तर ते असं. आज्ञा असती तर मी कदाचित रुसलो असतो, भांडलोही असतो. अठरा वर्षांचा होतो. पण हा माणूस पोस्टाच्या पावतीवर न वाचता सही करत नव्हता, आणि त्यानं माझ्यासाठी कोऱ्यावर केली होती. त्या सहीकडं मी जितका बघत गेलो तितकी ती वरची ओळ मला आकसत गेल्यासारखी वाटली. तिच्यात मावेल असा एकच शब्द उरला. मी टाक घेतला आणि लिहिलं: कायदा. कुणी हात धरला नव्हता. लिहून होताच पटकन टिपकागद दाबला, मन बदलायच्या आत.

शुक्रवारी पहिल्या तासाला फॉर्म देऊन आलो. निमकर सर व्हरांड्यात भेटले. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढं वर्षभर भेटले की ते एवढंच विचारत, जयसिंगपूरला पाऊस काय म्हणतो? मी म्हणायचो, बेताचा. मग ते दुसऱ्या गावी गेले.

कायद्यात मी जेमतेम पास झालो. पदवी घेऊन दुकानावर बसलो आणि चाळीसएक वर्षं बसलो. इचलकरंजीकडची ती मुलगी घरी आली, आमचं चांगलं चाललं. कायद्यानं वखारीतली भिंत काही पडली नाही. तसला कागद पुन्हा आमच्याकडं कुणी आणला नाही. आलेली इंग्रजी पत्रं, नोटिसा मी अण्णांना मोठ्यानं मराठीत करून सांगत असे आणि ते डोळे मिटून ऐकत. दोनदा वाच, असं त्यांनी मला मात्र कधी म्हटलं नाही. पावसाळ्यात दुकानात गिऱ्हाईक कमी असे. मी गादीवर बसून पश्चिमेकडं बघायचो. ढग येताना दिसत, आणि छातीवर कुणीतरी हात ठेवावा तसं होई. दार उघडं होतं. रस्ता समोर होता. मी बसून राहत असे. कोंडणारा दुसरा कुणी असता तर त्याच्यावर राग तरी धरता आला असता. इतक्या वर्षांत मी पुष्कळांवर तो धरून बघितला. मामावर, त्या भागीदारावर, निमकर सरांवरसुद्धा. कुणावरच टिकला नाही. अण्णांवर तर एक दिवसही नाही. याला कारण शुक्रवारची दुपार.

त्या दुपारी मी अण्णांना गाडीवर पोचवायला गेलो होतो. पाऊस थांबला होता, फलाटावर डबकी होती. ते खिडकीशी बसले. पिशवी मांडीवर घेतली, आणि इकडंतिकडं बघत सहज विचारावं तसं विचारलं, "काय लिव्हलास?"

"कायदा," मी म्हणालो.

मला वाटलं त्यांना बरं वाटेल.  ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले, सोडत राहिले.

"मला वाटलं तू त्ये पावसाचं लिव्हशील," ते म्हणाले. "म्हणून तर कोरं सोडलंतं मी."

 कॉलेजात पळत जावं, कारकुनाच्या हातापाया पडावं, कागद परत मागावा, असं मनात आलं. पण फॉर्म घ्यायची खिडकी बारालाच बंद झाली होती, मुदत संपली होती, आणि मी खिडकीचा गज धरून उभा होतो. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. वखारीतल्या भिंतीपुढं उभे राहत तेव्हा होता तसलाच चेहरा होता. मग ते जरा सरकून गजाजवळ आले.

"बरं," म्हणाले, "तिकडं पाऊस कसा असतोय सांग बघू."

मी सांगायला लागलो. आधी अडखळत. बस, ताडपत्री, दिवसा लागलेले कंदील. मग जमिनीत रोवलेलं नळकांडं, काचेची नळी, किती वेळा भरावी लागते ते. त्यांनी मधे थांबवून विचारलं, रेघा बारीक असत्यात का जाड. मी सांगितलं, बारीक, डोळ्यापुढं धरून बघावं लागतं. मग मी खिडकीच्या ओल्या फळीवर बोटानं ती निमकर सरांची रेघ ओढून दाखवली, ढग कसा चढतो, कुठं ओततो, आणि आमच्यापर्यंत काय पोचतं. अण्णा कान देऊन ऐकत होते. इंजिनानं शिटी दिली तेव्हा मी नुकता डोंगराच्या माथ्यावर आलो होतो.

"म्हंजी आमच्याकडं येस्तवर त्यो रिकामा हुतोय म्हण की," ते म्हणाले.

"सगळा नाही, अण्णा," मी म्हणालो. गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालत राहिलो, अजून उताराचा भाग सांगायचा राहिला होता, आणि ते गजाला गाल टेकवून ऐकत होते.